पाण्याची ओढ आणि ल्यूरचा वेग : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

चालत्या होडीमागे ल्यूर, म्हणजे गळ लावलेलं कृत्रिम आमिष, ओढत मासे धरायचे, म्हणजे ट्रोलिंग. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत : होडीचा वेग पडद्यावर दिसतो, पण खाली ल्यूरला किती वेग मिळतोय ते कळत नाही. त्यातले काही प्रश्न निवडून उत्तरं दिली आहेत. वेग ताशी किलोमीटरमध्ये धरले आहेत. जिथे नॉट म्हटलं आहे तिथे १ नॉट म्हणजे १.८५ किमी.

प्रश्न : मोठ्या तलावात २० मीटर खोलीवर डाउनरिगरने (तारेला जड गोळा टांगून ल्यूर खोल नेणाऱ्या यंत्राने) ट्रोलिंग करतो. जीपीएसवर दोन्ही दिशांना बरोबर ४ किमी वेग ठेवतो. पश्चिमेकडे जाताना मासे लागतात, त्याच रेषेवरून पूर्वेकडे परतताना काहीच नाही. ल्यूर तेच, खोली तीच. असं का होतं?

उत्तर : जीपीएस होडीचा जमिनीच्या हिशोबाने वेग सांगतं. ल्यूर मात्र पाण्यात फिरतो, आणि तेही २० मीटर खालच्या पाण्यात. ते पाणी स्वतः सरकत असेल, तर दोन्ही दिशांना ल्यूरचा वेग सारखा राहूच शकत नाही.

समजा, पश्चिमेकडून ताशी पंचवीस-तीस किमीचा वारा बराच वेळ वाहतोय. वारा पृष्ठभागावरचं पाणी आपल्या वेगाच्या साधारण २ ते ३ टक्के वेगाने पुढे ढकलतो. म्हणजे वरचं पाणी पूर्वेकडे ०.८ किमीने चाललं आहे. हे पाणी पूर्वेच्या काठाशी साचून राहू शकत नाही, ते खालून परत फिरतं. धरून चालू की २० मीटरवर हा परतीचा प्रवाह पश्चिमेकडे ०.५ किमीचा आहे. आता हिशोब करा.

पूर्वेकडे जाताना जीपीएस ४. खालचं पाणी समोरून येतंय, म्हणून ल्यूरचा वेग ४ अधिक ०.५, म्हणजे ४.५. पश्चिमेकडे जाताना खालचं पाणी सोबत आहे, म्हणून ४ वजा ०.५, म्हणजे ३.५. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दोन फेऱ्यांमध्ये ल्यूरवरचा ताण दीडपटीहून जास्त बदलतो. ३.५ ला डौलात हेलकावे घेणारा पातळ चमचा (चमच्याच्या आकाराचा धातूचा ल्यूर) ४.५ ला गरगर फिरायला लागू शकतो. पूर्वेकडे मासे नाहीत असं नाही, त्यांच्यासमोरून तुम्ही वेगळाच ल्यूर नेताय.

उपाय सोपा आहे. पूर्वेकडे जाताना जीपीएसवर ३ ठेवा, ल्यूरला पुन्हा ३.५ मिळेल.

इथे एक चूक फार सहज होते. होडीच्या बुडाला चकरीचा (पाण्याने फिरणाऱ्या छोट्या चाकाचा) वेगमापक असेल तर तो वरच्या पाण्यातला वेग दाखवतो. जीपीएस ४ असताना पूर्वेकडे तो ३.२ दाखवेल आणि पश्चिमेकडे ४.८. ते पाहून पूर्वेला वेग कमी पडतोय असं वाटतं आणि हात थ्रॉटलकडे जातो. खाली मात्र ल्यूर आधीच जास्त वेगात आहे, तो आणखी पळायला लागतो. वरचं आणि खालचं पाणी उलट दिशांना वाहत असेल तेव्हा चकरीवर विसंबून केलेली दुरुस्ती नेहमी चुकीच्या बाजूला जाते. डाउनरिगरच्या गोळ्याजवळ लावायचा वेग आणि तापमान मोजणारा सेन्सर मिळतो, खोल पाण्यात नेहमी ट्रोलिंग करणाऱ्याने आधी तो घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसरा फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र) नंतर घेतला तरी चालेल.

प्रश्न : तसा सेन्सर नसेल तर खालचा वेग कशावरून ओळखायचा?

उत्तर : डाउनरिगरच्या तारेच्या कोनावरून. तार किती मागे कलते हे गोळ्याचं वजन आणि पाण्याचा विरोध यांच्यावर ठरतं. वजन बदलत नाही, म्हणून कोन बदलला की खालचा वेग बदलला असं धरता येतं. मात्र आधी तुमच्या होडीसाठी, तुमच्या गोळ्यासाठी एक तक्ता करून ठेवावा लागतो.

वारा नाही, पाण्याला ओढ (प्रवाह) नाही असा दिवस निवडा. इंजिनाचे फेरे तेच ठेवून समोरासमोरच्या दोन दिशांना जाऊन पाहा. जीपीएसच्या आकड्यांत ०.२ किमीपेक्षा जास्त फरक नसेल तर वरचं पाणी जवळपास स्थिर आहे. मग नेहमीचा गोळा, समजा ५ किलोचा, नेहमीच्या ल्यूरसकट १५ मीटर सोडा. डाउनरिगरच्या दांड्याच्या टोकाशी एक मोठा कोनमापक पक्का करा, त्याच्या मध्यबिंदूवरून दोऱ्याला छोटं वजन टांगा. तो दोरा म्हणजे उभी रेषा, आणि तिच्यापासून तार किती अंश मागे आहे ते वाचायचं. ३, ३.५, ४, ४.५ अशा प्रत्येक वेगाला दोन मिनिटं सरळ चाला, तार स्थिरावू द्या, कोन लिहा. हेच २५ मीटरवर पुन्हा करा, कारण जास्त तार पाण्यात असली की तिचाही विरोध वाढतो.

पुढे ओढीच्या पाण्यात मासा लागला की त्या क्षणीचा जीपीएसचा आकडा नव्हे, तारेचा कोन टिपून ठेवा. दिशा बदलल्यावर थ्रॉटल कमी-जास्त करून तोच कोन परत आणा.

या पद्धतीच्या मर्यादा माहीत हव्यात. कोन हा गोळ्यापासून वरपर्यंतच्या सगळ्या तारेवर पडणाऱ्या विरोधाचा असतो. मधल्या थरात समोरून जोराची ओढ असेल आणि गोळ्याजवळ पाणी शांत असेल तर कोन वेग जास्त दाखवेल. दुसरं म्हणजे तारेला शेवाळ अडकलं तर दिशा न बदलताच कोन वाढत जातो. कारण नसताना तार मागे जायला लागली, की आधी गोळा वर घ्या आणि पाहा. गोळा किंवा तारेची जाडी बदलली की तक्ता नव्याने करायचा. आणि मोठा फ्लॅशर (ल्यूरच्या पुढे लावायची चमकणारी पट्टी) लावून काढलेला कोन नुसत्या चमच्याला लागू पडत नाही.

कोनावरून खोलीही कळते. ३० मीटर तार ३० अंश कलली असेल तर गोळा ३० मीटरवर नसून साधारण २६ मीटरवर आहे. प्रत्यक्षात तार सरळ नसते, वरच्या टोकाशी ती सगळ्यात जास्त कललेली असते, त्यामुळे खरी खोली या आकड्यापेक्षा थोडी जास्तच निघते. फिशफाइंडरवर गोळ्याची रेघ अचानक नाहीशी झाली तर घाबरू नका. फिशफाइंडरच्या ध्वनिलहरींचा २० अंशांचा शंकू २८ मीटर खोलीवर मध्यापासून जेमतेम ५ मीटर पोहोचतो, आणि २० अंश कललेल्या ३० मीटर तारेच्या टोकाचा गोळा तेव्हा सुमारे १० मीटर मागे गेलेला असतो. तो शंकूबाहेर आहे, इतकंच.

डाउनरिगरच नसेल तर काठीच्या टोकावर लक्ष ठेवा. पुढे जीभ (पाणी कापणारी छोटी पट्टी) असलेला ल्यूर टोकाला एकसारखे ठोके देतो. वेग वाढला की ठोके दाट आणि बारीक होतात, कमी झाला की एकेक सुटा मोजता येतो. ठोके एकदम थांबले तर गळाला कचरा लागलाय किंवा ल्यूर चालायचा बंद झालाय. होडीच्या कडेला ल्यूर पाण्यात धरून त्याची चाल पाहण्याची सवय चांगली आहे, पण त्यातून फक्त वरच्या एक मीटरमधला वेग कळतो. २० मीटर खालच्या पाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

प्रश्न : नदीत ट्रोलिंग प्रवाहाविरुद्ध करावं की प्रवाहासोबत? आणि वेग किती ठेवावा?

उत्तर : नदीत सगळं पाणी एकाच दिशेने जातं, पण तळाशी घर्षणामुळे ते बरंच हळू असतं. उथळ, सरळ पात्रात सरासरी वेग साधारण तळापासून खोलीच्या चार दशांश उंचीवर मिळतो. त्याच्या वर पाणी जास्त पळतं, खाली कमी.

समजा, वर ओढ ३ किमीची आहे आणि तळाजवळ, जिथे तुमचा ल्यूर आहे तिथे, १.५ किमीची. ल्यूरला २.५ हवे आहेत. प्रवाहाविरुद्ध जाताना जीपीएसवर १ ठेवा : १ अधिक १.५. प्रवाहासोबत जाताना ४ ठेवा : ४ वजा १.५. ल्यूरच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. होडीच्या दृष्टीने मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर जाताना ती पाण्यातून ४ किमीने जातेय, सुकाणू घट्ट लागतं. खाली येताना ती वरच्या पाण्यापेक्षा फक्त १ किमीने पुढे आहे, सुकाणूला पकड मिळत नाही आणि वाऱ्याची झुळूकही तोंड फिरवते. तेव्हा पुढच्या टोकाला बसवलेली इलेक्ट्रिक मोटर खरी उपयोगाची, कारण ती होडीला पुढून ओढते.

तळाशी अडकण्याचा धोका खाली येताना जास्त. ल्यूर खडकात अडकला तरी होडी ४ किमीने पुढे जातच राहते, आणि सावरायच्या आत दोरी तुटते. वर जाताना अडकला तर थ्रॉटल सोडा. प्रवाहच होडीला मागे, अडकलेल्या जागेच्या पलीकडे नेतो आणि उलट्या बाजूने ओढ दिल्यावर ल्यूर बहुतेक वेळा सुटतो.

मासे बहुधा प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात. त्यामुळे प्रवाहासोबत आणलेला ल्यूर त्यांना समोरून येताना दिसतो, उलट आणलेला मागून येऊन पुढे जातो. अनोळखी पात्रात पहिल्या दिवशी प्रवाहाविरुद्धच जा, खडक कुठे आहेत ते नोंदवा. मग खाली येण्याचा विचार करा.

तिसरा मार्गही आहे. होडीचं तोंड प्रवाहाकडे ठेवून जीपीएसवर ० राखा. होडी जागच्या जागी, पण तळाजवळचा ल्यूर १.५ किमीच्या पाण्यात चालतोच आहे. तिथून ताशी अर्ध्या किमीने मागे सरकत गेलात तर त्याला १ किमी मिळेल. खोल डोहात उभ्या माशांसमोर ल्यूर बराच वेळ ठेवायचा असेल तर याहून चांगली पद्धत नाही. फक्त १ किमीला चालणारा ल्यूर निवडा. रुंद जिभेचे, फुगीर अंगाचे चालतात, जड चमचे तळाशी जाऊन पडतात.

प्रश्न : प्रवाह आडवा असला की खोल सोडलेल्या तारा आणि वरच्या दोऱ्या एकमेकांत अडकतात. होडी तर सरळ चाललेली असते.

उत्तर : होडीचं तोंड सरळ असतं, वाट नव्हे. तोंड उत्तरेकडे, पाण्यातला वेग ४, आणि वरचं पाणी डावीकडून उजवीकडे २ किमीने जातंय असं धरा. होडी प्रत्यक्षात उत्तरेच्या उजवीकडे सुमारे २७ अंश सरकत जाईल आणि जीपीएस सुमारे ४.५ दाखवेल. पृष्ठभागावरचे ल्यूर होडीसोबत त्याच पाण्यात वाहत असल्याने बरोबर मागे, कण्याच्या रेषेत येतात. खाली पाणी थांबलेलं असेल, तर गोळे होडीच्या खऱ्या वाटेच्या मागे राहतात. म्हणजे होडीतून पाहिलं तर ते मागे आणि डावीकडे, ओढ जिकडून येतेय त्या बाजूला कलतात. डावीकडची तार बाहेर जाते, उजवीकडची बुडाखाली घुसते. नेमकी तीच पंख्यात जाते.

म्हणून खोल गोळा फक्त ओढ येते त्या बाजूला सोडा. दुसऱ्या बाजूला वरचे ल्यूर ठेवा. ५ किलोऐवजी ७ किलोचा गोळा लावला तर कल कमी होतो. वळायचं झालं तर तारा जिकडे कलल्या आहेत त्याच्या उलट बाजूला वळा, या उदाहरणात उजवीकडे. डावीकडे वळलात की उजवी तार आणखी आत जाईल. दोन्ही बाजूंना खोल गोळे हवेच असतील तर मार्ग बदलून ओढीला समांतर करा.

वेगही विसरू नका. चकरीवर ४ दिसत असले तरी खाली ल्यूरला ४.५ मिळतायत आणि ताण सुमारे पाव पटीने वाढलाय. वरच्या दोऱ्या सरळ आणि खालच्या तारा तिरप्या दिसल्या, की खालचं पाणी वरच्यापेक्षा वेगळं वाहतंय हे नक्की. हे पाहायला कोणतंही उपकरण लागत नाही.

प्रश्न : वळणावर बरेचदा मासा लागतो. त्याचा ओढीशी संबंध आहे का?

उत्तर : आधी वेगाशी आहे. होडी २५ मीटर त्रिज्येचं वळण घेत असेल आणि दोन्ही बाजूंचे ल्यूर मध्यरेषेपासून ५ मीटरवर असतील, तर ४ किमीला बाहेरचा साधारण ४.८ ने जातो आणि आतला ३.२ ने. बाहेरच्याला मासा लागला तर सरळ चालताना वेग थोडा वाढवून पाहा, आतल्याला लागला तर कमी करून. आतला जड ल्यूर वळणात खालीही बसतो, तेव्हा खोलीचाही विचार करा. शिशाचा गाभा असलेल्या दोरीत हे फार जाणवतं, कारण ती हळू चालवली की खोल जाते आणि वेग वाढवला की वर येते.

ओढीच्या पाण्यात मात्र एका वळणावरून निष्कर्ष काढू नका. वळण पूर्ण होईपर्यंत ओढीची बाजूही बदललेली असते. त्याच जागी उलट दिशेने वळून पाहा. दोन्ही वेळा बाहेरच्याच ल्यूरला मासा लागला तर गोष्ट वेगाची आहे.

प्रश्न : खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीत वेग सारखा ठेवणं जमत नाही. किती वेळाने बदलावा?

उत्तर : ओढ एकसारखी वाढत नाही. पाणी थांबल्यापासून पहिल्या तासाच्या अखेरीस ती कमाल वेगाच्या निम्मी होते, दुसऱ्याच्या अखेरीस ९० टक्के, तिसऱ्याला पूर्ण, मग त्याच क्रमाने उतरते. कमाल ३ किमी असेल तर तासातासाचे आकडे १.५, २.७, ३, २.७, १.५ असे येतात. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या तासात दर दहा-पंधरा मिनिटांनी थ्रॉटल तपासावा लागेल, मधल्या दोन तासांत फारसा हात लावायची गरज नाही. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) कमाल ओढ जास्त, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) कमी, म्हणून कालचा आकडा आज तसाच वापरू नका. शिवाय पाणी थांबण्याची वेळ आणि पूर्ण भरतीची वेळ खाडीत एक असेलच असं नाही.

गोड्या पाण्याची नदी मिळत असेल तर आणखी एक पेच असतो. खारं पाणी जड, ते तळाने आत येतं. वर कचरा अजून समुद्राकडे वाहत असतो आणि खाली भरती सुरू झालेली असते. वेग न बदलता खोल तारेचा कोन बदलायला लागला, की खालचं पाणी फिरलं असं समजा.

प्रश्न : खोल समुद्रात पृष्ठभागावरचे झालरीचे ल्यूर ७-८ नॉटने ओढतो. तिथे जीपीएस पाहायचं की चकरीचा वेगमापक?

उत्तर : चकरी. होडी आणि ल्यूर एकाच थरात आहेत, त्यामुळे प्रवाहाने ल्यूरला काही फरक पडत नाही, फक्त तुम्ही कुठे पोहोचता ते बदलतं. २ नॉटच्या प्रवाहासोबत जीपीएसवर ७ ठेवलेत तर ल्यूरला ५ च मिळतात आणि त्यामागे बुडबुड्यांची रेघ नीट उमटत नाही. उलट जाताना ९ मिळतात आणि तो पाण्याबाहेर उड्या मारतो. चांगला चाललेला ल्यूर वर येऊन हवा घेतो, बुडी मारून बुडबुड्यांची लांब रेघ सोडतो आणि पुन्हा वर येतो. सारखा कोलांट्या खात असेल तर वेग उतरवा, किंवा दोरी थोडी सोडून तो होडीमागे उठणाऱ्या लाटांपैकी आणखी मागच्या लाटेच्या उतारावर आणा.

प्रश्न : चकरीचा वेगमापक नेहमी जीपीएसपेक्षा कमी दाखवतो. ओढ समजायची की बिघाड?

उत्तर : दोन्ही दिशांना कमी दाखवत असेल तर बिघाड. बहुधा चकरीवर शेवाळ किंवा बारीक शिंपले बसलेले असतात. ती काढून ब्रशने घासा, बोटाने फिरवून पाहा, अडखळायला नको.

मग जुळवून घ्या. इंजिनाचे फेरे कायम ठेवून एकाच रेषेवर ओढीसोबत आणि ओढीविरुद्ध जा, दोन्हीकडचे जीपीएसचे वेग लिहा आणि त्यांची सरासरी काढा. वेगांची सरासरी काढायची, एकूण अंतर भागिले एकूण वेळ असं करायचं नाही. ओढीविरुद्धच्या फेरीला वेळ जास्त लागतो, म्हणून तो हिशोब नेहमी कमी भरतो. ५ आणि ३ ची सरासरी ४ येते, अंतर-वेळेने ३.७५. भरतीचं पाणी चालू असेल तर तीन फेऱ्या मारा, मधल्या फेरीचा वेग दोनदा धरून बेरजेला ४ ने भागा. आलेल्या आकड्याशी चकरी जुळवा.

प्रश्न : वारा कालच पडला, तलाव आरशासारखा आहे, तरी खोल तारा एका बाजूला कलतात. कसं शक्य आहे?

उत्तर : अगदी शक्य आहे. वाऱ्याने वरचं गरम पाणी एका काठाला लोटलेलं असतं, तिथे खालच्या थंड पाण्याचा थर दबतो आणि समोरच्या काठाला वर येतो. वारा थांबला की हे थर परत झुलायला लागतात, आणि मोठ्या तलावात हे झुलणं कित्येक दिवस चालू शकतं. वर काहीच दिसत नाही, खाली मात्र प्रवाह असतो आणि काही वेळाने तो उलटतोही. अशा दिवशी सकाळी जुळलेला वेग दुपारी चालेलच असं नाही. दोन दिशांचे कोन दर तासाला पुन्हा पाहा, आणि गरम-थंड पाण्याची सीमा किती खोलीवर आहे तेही, कारण ती वरखाली सरकली की मासेही तिच्यासोबत सरकतात.